पावाची कड

लोणावळ्याच्या आमच्या लहानशा चर्चमध्ये प्रभुभोजनाचा, म्हणजे उपासनेत सगळ्यांना वाटायचा पाव कापायचं काम तेव्हा माझ्याकडे होतं. मी एकही रविवार चुकवत नसे, आणि हे देवाच्या लक्षात असणार अशी माझी खात्री होती.

आमच्यात रेल्वेच्या इंजिनात कोळसा टाकणारा एक फायरमन होता. तो वर्षातून एकदाच, ईस्टरला उगवायचा आणि मागच्या बाकावर बसायचा. त्यालाही माझ्याएवढाच तुकडा मिळतो, हे मला सहन होईना. तुकड्यांची ताटली पुढच्या बाकापासून मागे फिरायची. म्हणून एका ईस्टरला मी पावाची करपलेली कड मुद्दाम ताटलीत अगदी तळाशी ठेवली.

नेमकी त्या दिवशी पाळकसाहेबांनी मागून सुरुवात केली. ताटली पहिल्या बाकावर माझ्यापाशी आली, तेव्हा तीत ती कडच तेवढी उरली होती. मी ती मुकाट्यानं चावली.

उपासना संपल्यावर मी पाळकसाहेबांना गाठून सगळं कबूल केलं. म्हटलं, "देवानं मला चांगली शिक्षा केली."

ते हसायलाच लागले. "शिक्षा कसली? मागं गर्दी होती, म्हणून तिकडून सुरुवात केली. असं वागूनही प्रभूनं तुम्हाला आपल्या पंगतीला बसवलंच ना? त्या फायरमनला बसवलं, तसंच."

मी चरफडत घरी आलो. इतकी वर्षं पुण्य केलं, एवढं डोकं लढवून पाप केलं, तरी देवानं मला त्या फायरमनहून वेगळं म्हणून काढलं नाही. बक्षिसाला नाही, आणि शिक्षेलासुद्धा नाही!