चौथीची गाडी

गाडी ही काही देवाकडे मागायची वस्तू नव्हे, असं माझं पक्कं मत होतं. आरोग्य मागावं, मुलांना बुद्धी मागावी. पण "वाटेत बंद न पडणारी, पेट्रोल कमी खाणारी आणि आम्हाला परवडणारी जुनी गाडी मिळू दे" असं गजाननापुढे हात जोडून कसं म्हणणार? लाज वाटायची. आणि खरं सांगायचं तर त्या उन्हाळ्यात माझा त्याच्यावर रागही होता.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट आहे. यांच्या रेल्वेतल्या बदलीमुळे आम्ही बरीच वर्षं जयपूरला होतो. आमची नंदा लहानपणी पोलिओतून उठली ती एक पाय कॅलिपरमध्ये घालूनच. तरी पोरगी हुशार आणि हट्टी. सायन्सला गेली, तेही शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या कॉलेजात. पहिलं वर्ष हे तिला स्कूटरवरून पोचवत होते. परीक्षेच्या आधी एका उंटगाडीला चुकवताना स्कूटर घसरली आणि नंदाचा नेमका चांगला पाय मोडला. पाय जुळला, पण डॉक्टरांनी पुन्हा स्कूटरचं नाव काढू नका म्हणून बजावलं. बसची पायरी तिला चढता येत नव्हती आणि रोज एवढ्या लांब रिक्षा परवडत नव्हती. घरी बसून परीक्षा द्यावी, तर प्रॅक्टिकल कुठे करणार? "मतलब, मी आता घरीच?" एवढंच तिनं विचारलं आणि भिंतीकडे तोंड केलं. मी लग्नाआधीपासून संकष्टी धरत आले होते. त्या महिन्यातही धरली, पण आरती अर्ध्यावरच थांबवली. हेच द्यायचं होतं तर एवढ्या चतुर्थ्या कशाला करून घेतल्यास, असं मी त्याला मनातल्या मनात सुनावलं.

यांनी जुनी गाडी घ्यायचं ठरवलं आणि आमच्याकडे वानखेडे भावजींचं राज्य सुरू झालं. ते यांचे ऑफिसातले मित्र, मूळचे अकोल्याचे. घरात बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो. देव-नवस यांच्याशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, पण गाड्यांचं भारी वेड. मी एकदा म्हटलं, "बघू, गणपतीच्या मनात असेल ती मिळेल." ते म्हणाले, "वहिनी, त्याच्या मनातलं त्याला राहू द्या. आपण आधी सायलेन्सरमधला धूर बघू." खातीपुऱ्यातल्या एका चकचकीत गाडीच्या सायलेन्सरला त्यांनी आपला पांढरा रुमाल धरला. तो तेलकट काळा होऊन परत आला, आणि त्यांच्या बायकोचा राग त्यांना पुढे आठवडाभर पुरला. दुसरी गाडी चालायला छान होती. भावजींनी तिची टाकी रिकामी करून त्यात लीटरभर पेट्रोल घातलं आणि ती कुठवर जाते ते बघायला दोघे निघाले. थोड्याच वेळात दोघेही घामाघूम होऊन ती ढकलत परत येताना दिसले. "ही घेणं म्हणजे घरजावई पोसणं," यांनी निकाल दिला. मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

आखातीज, म्हणजे आपली अक्षय्य तृतीया, नुकतीच होऊन गेली होती, तेव्हा सोडाल्यातल्या पुरोहितजींची फियाट बघायला मिळाली. पुरोहितजी निवृत्त हेडमास्तर होते. नजर अधू झाल्यामुळे गाडी विकत होते. फिकट पिवळा रंग, जागोजागी उडालेला. पण गाडी जिथे उभी असायची तिथल्या फरशीवर तेलाचा एक थेंब नव्हता. किल्ली फिरवली की पहिल्या झटक्यात चालू. लीटरच्या परीक्षेतही ती अशी पुढे गेली की भावजीच कंटाळून परत फिरले. "वहिनी, घ्या," ते म्हणाले. किंमतही आवाक्यातली होती. पुरोहितजींनी बयाणा घेतला नाही. शब्द दिला तेवढा पुरे, म्हणाले. फक्त एक अट घातली, "गाड़ी चौथ को आई थी, चौथ को ही जाएगी. आप जेठ बदी चौथ को आ जाइए."

घरी येऊन मी आपलं मराठी पंचांग उघडलं. ज्येष्ठ वद्य चतुर्थी, म्हणजे संकष्टीच! जूनचा उत्तरार्ध. कॉलेज सुरू व्हायच्या अगदी आधी. एवढे दिवस कशाला थांबायचं, असं यांनी एकदा विचारलं, पण मी कसली ऐकते? महिनाभर रुसलेली मी, देवानं स्वतःचा दिवस नेमून दिला म्हणून हरखून गेले होते. मधल्या दिवसांत रेल्वेच्या पासवर वाईला जाऊनही आलो. सगळ्या नातेवाइकांना गाडीचं सांगून झालं.

ठरल्या दिवशी उपास धरून, पेढ्यांचा पुडा घेऊन आम्ही तिघं सोडाल्याला पोचलो. भावजी मागाहून येणार होते. दार उघडून पुरोहितजी आमच्याकडे बघतच राहिले. "आप तो आए ही नहीं! चौथ को मैं दिन भर बैठा रहा. आदमी भेजा, आपके क्वार्टर पर ताला था." मी म्हटलं, अहो, चौथ तर आज आहे. मग त्यांनी सावकाश समजावून सांगितलं. त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो, आपला अमावास्येला. म्हणजे वद्य पक्ष त्यांच्याकडे महिन्याच्या सुरुवातीला येतो, आपल्याकडे शेवटी. त्यांची जेठ बदी चौथ आपल्या वैशाखातच होऊन गेली होती. आम्ही वाईला आमरस खात होतो त्या दिवशी. इतकी वर्षं या मुलखात राहून मला हे ठाऊक नव्हतं, कारण माझं पंचांग पुण्याहून यायचं आणि मी त्यापलीकडे कधी पाहिलंच नव्हतं.

गाडी अंगणात उभी दिसत होती, म्हणून मला धीर होता. पण पुरोहितजी म्हणाले, "अब नहीं बेचूँगा, बहनजी." त्यांची चौथ होऊन आठवडाही झाला नव्हता, तोच भर दुपारी त्यांच्या पत्नीच्या छातीत कळ आली. लूचे तापलेले वारे असे वाहत होते की रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, मग रिक्षा कुठली? त्यांनी पत्नीला गाडीत घातलं. अधू डोळ्यांनी, देवाचं नाव घेत, कशीबशी इस्पितळापर्यंत नेली. त्या उन्हात तापलेली गाडी पहिल्याच झटक्यात चालू झाली होती. "आप समय पर आ जाते, तो उस दिन गाड़ी घर में नहीं होती," ते म्हणाले आणि त्यांचे डोळे भरले. आता अशी गाडी मी कशी देऊ, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचं बरोबर होतं. त्यांच्या आनंदात आनंद मानायला हवा होता, आणि मला मात्र कॉलेजात न जाणारी नंदा दिसत होती. देवा, तू माझी चूक वापरलीस, पण दुसऱ्याच्या घरासाठी, असं माझ्या मनात आलं. माझी जळजळ झाली, हे लपवत नाही.

निघण्यासाठी नंदा उठली. कॅलिपरचा आवाज फरशीवर झाला तसा आतल्या खोलीतून इस्पितळातून घरी आलेल्या बाईंचा, पुरोहितजींच्या पत्नीचा, आवाज आला, "कुण छै?" कोण आहे, म्हणून. त्यांनी नंदाला आत बोलावलं. खाटेवर उशाला टेकून बसलेल्या त्या बाईंनी नंदाचा हात धरून सगळं विचारून घेतलं. कॉलेज कुठे, जातेस कशी, पडलीस कधी. नंदा रडली नाही. "गाडी तुमच्याकडेच राहू दे, दादीजी," असं तिनं त्यांना हिंदीत सांगितलं तेव्हा मीच दाराआड डोळे पुसले. मग बाईंनी नवऱ्याला हाक मारली. आवाज बारीक होता पण ठाम. "आज बी तो चौथ छै. गाड़ी टाबर नै दे द्यो." टाबर म्हणजे लेकरू. पुरोहितजी काही बोलायला गेले, तर म्हणाल्या, "म्हारो काम होग्यो."

पुरोहितजी देवघरात गेले आणि किल्ली घेऊन आले. ती त्यांनी यांच्या हातात न देता नंदाच्या हातात दिली. हे एवढंच म्हणाले, की बाईंना जेव्हा जेव्हा इस्पितळात जायचं असेल तेव्हा ही गाडी दारात उभी असेल. तेवढ्यात वानखेडे भावजी आले. सगळी हकिगत ऐकून ते टोपी काढून खाटेशी वाकले आणि बाईंच्या पायांना हात लावून आले. बाहेर आल्यावर मी चिडवलं, "काय भावजी, आता?" ते म्हणाले, "तुमचा गणपती मी मानत नाही वहिनी. या माउलीला मानतो." मलाही वाटलं, यात फार फरक नसावा.

त्यात कुठला चमत्कार होता ते मी सांगू शकत नाही. पंचांगातली चूक माझी होती आणि गाडी मुळातच चांगली होती. मी एवढंच समजले, की मी देवाला वेळेवर ये म्हणून बजावत होते, पण वेळ माझ्या भिंतीवरच्या पंचांगाची धरून. त्याला तर दोन्ही घरांत जायचं होतं. तेव्हापासून मी मागणं सोडलेलं नाही, माझा स्वभाव तो नाही. पण मागितल्यावर तारीख घालत नाही.

कॉलेजच्या पहिल्या दिवशी बाईंनाही तपासणीला जायचं होतं. मागच्या सीटवर एका बाजूला त्या, दुसऱ्या बाजूला मी, आणि पुढे यांच्याशेजारी नंदा. हे अजून घाबरत घाबरतच चालवत होते. कॉलेजच्या फाटकाशी गाडी थांबली. मी दार उघडायला हात पुढे केला, तर बाईंनी माझा हात धरून ठेवला. नंदा आपली आपण उतरली, दप्तर खांद्याला लावलं आणि मागे वळूनही न बघता आत गेली.

मी रडत होते. बाईही रडत होत्या. मग यांनी किल्ली फिरवली, आणि गाडी पहिल्या झटक्यात चालू झाली.