पान दोनशे बारावरची मुलगी

मेडिकल कॉलेजच्या वर्गात मला टेबलावर उभं केलं होतं. अंगावर फक्त चड्डी. सात वर्षांची होते. समोर पांढऱ्या कोटातली चाळीसेक पोरं-पोरी, हातात वह्या. त्यांना शिकवणाऱ्या डॉक्टर सरांनी छडी माझ्या गुडघ्याला लावली, मग कोपराला, मग हनुवटीला. तिथं लाळ गळत होती.

"देखिए. मंदबुद्धि बालिका. ये कुछ समझती नहीं."

मला सगळं समजत होतं. तोल जाऊ नये म्हणून मी मनातल्या मनात सतराचा पाढा म्हणत होते. पण माझी जीभ जड. हातपाय वाकडे. जन्मताना श्वास कोंडला आणि मेंदूचा अंग हलवणारा भाग दुखावला. सेरेब्रल पाल्सी. त्यात काहींच्या बुद्धीवरही परिणाम होतो, माझ्या झाला नव्हता. आणि झाला असता, तरी मला असं उघडं उभं करायचा हक्क कुणाला नव्हता.

तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला. आई बाहेर व्हरांड्यात माझा फ्रॉक हातात घेऊन बसलेली. तिला कुणी विचारलं नाही. बाबा रेल्वेत गँगमन, उज्जैनला येऊन दोनच वर्षं झालेली. आमच्यासारख्यांना विचारतंय कोण?

सरांनी तपासणीच्या कागदावरही तोच शब्द लिहून दिला. नानाखेड्यातल्या शाळेनं तो कागद वाचला आणि परत आईच्या हातात ठेवला. आई म्हणाली, "मॅडम, हिला पाढे विचारून तर बघा." मॅडमनी विचारले नाहीत. एका शब्दानं माझी शाळा गेली. मग आईनंच स्वयंपाकघरात ओट्याखाली बसवून शिकवलं. परीक्षा सगळ्या बाहेरून दिल्या. पुढं लायब्ररीचा कोर्स केला आणि नोकरी लागली ती कुठं, तर त्याच मेडिकल कॉलेजात. इश्यू काउंटरवर. कंत्राटी, दर मार्चला नव्यानं सही.

पहिल्याच महिन्यात ते पुस्तक हातात आलं. सरांचंच. पान दोनशे बारा. माझा तो फोटो, डोळ्यांवर काळी पट्टी, खाली इंग्रजीत तेच, 'मंदबुद्धि बालिका'. पट्टी मारली की ओळख झाकली, असं या लोकांना वाटतं. बाकी सगळं उघडं. मी चड्डीवरून ओळखलं. भैरवगढ़च्या छापाच्या चादरीचा तुकडा उरला होता, त्यातून आईनं शिवलेली. घाईत कापड उलटं लागलं आणि छापातल्या कैऱ्या डोक्यावर उभ्या राहिल्या. त्यावरून ती घरी किती दिवस हळहळली होती. मी पुस्तक मिटलं आणि काउंटरवर बसून राहिले.

बसणार नाही तर जाणार कुठं? बाबा गेलेले, आईचे गुडघे गेलेले. नऊ वर्षं मी स्वतःच्या हातानं ते पुस्तक पोरांना देत राहिले. तारखेचा शिक्का मारायचा, पुढं सरकवायचं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

एकदा एक मुलगी ते परत करायला आली. मी विचारलं, "रिन्यू करना है?" ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "दीदी... कोई... और... है?"

ती वाईट नव्हती. पुस्तकानं शिकवलं तशी वागली. उद्या ती ओपीडीत बसेल. माझ्यासारखी कुणी समोर येईल. ती तिच्याशी बोलणारच नाही, तिच्या आईशी बोलेल आणि कागदावर तोच शब्द लिहील. मग कुठल्यातरी शाळेतली मॅडम तो वाचेल. त्या दिवशी पहिल्यांदाच मला रडू न येता संताप आला.

गेल्या वर्षी पुस्तकाची हिंदी आवृत्ती काढायचं ठरलं. टायपिंग माझ्याकडे, कारण डाव्या हाताच्या दोन बोटांनी का होईना, माझं टायपिंग बिनचूक असतं. दोनशे बारावर आले. बोटं थांबली. कागद घेऊन सरांच्या खोलीत गेले. सर आता थकलेत, पण छडी तशीच टेबलावर.

"सर, ये मैं हूँ."

त्यांनी फोटो पाहिला. मला पाहिलं. "अच्छा. तो अब ठीक हो गईं?"

"मैं तब भी ऐसी ही थी, सर. ये शब्द गलत है. तब भी गलत था."

"बरसों से चल रहा है. बच्चों को आसान पड़ता है." मग समजावल्यासारखं, "और आँखें तो ढकी हैं. किसको पता चलेगा?"

"मुझे पता है."

"आप टाइप कीजिए बस."

"नहीं करूँगी."

एवढंच बोलले. कागद छडीशेजारी ठेवला आणि बाहेर आले. त्या पानाचं काम दुसऱ्याला दिलं. शब्द तोच छापला. फोटोही तोच. माझ्या नकारानं तिथलं पानसुद्धा हललं नाही.

परवा नव्या प्रती आल्या. नोंद करून शेल्फवर लावायचं काम माझंच. मी चिठ्ठ्या छापून घेतल्या आणि प्रत्येक प्रतीत पान दोनशे बारावर फोटोखाली एकेक डकवली. जुन्या प्रतींतही.

'ये तस्वीर मेरी है. बिना पूछे ली गई थी. मुझे सेरेब्रल पाल्सी है. मैं मंदबुद्धि नहीं थी, उस दिन सब समझ रही थी. मैं नीचे इश्यू काउंटर पर बैठती हूँ. आकर मुझसे बात कीजिए.'

आईनं चिठ्ठी वाचली. म्हणाली, "मार्चमध्ये सही नाही करणार गं ते."

माहीत आहे. फोटो आणि शब्द काढा म्हणून कॉलेजला आणि प्रकाशकाला माझी पत्रं गेली आहेत, पोचपावत्या फाइलीत आहेत. चिठ्ठ्या फाडतील, मी पुन्हा डकवीन. काउंटर काढून घेतलं तर कॉलेजच्या फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसेन आणि आत जाणाऱ्या प्रत्येक पोराच्या हातात एकेक चिठ्ठी देईन. डोळे उघडे ठेवून.