माधवरावांनी बदलून आणलेला रेकॉर्डर

वालूरचे माधवराव, शाळेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेले, सरळ माणूस. पण चारचौघांत बायकोचा विषय निघाला की यांची जीभ टाळूला चिकटलीच म्हणून समजा. प्रभावतीबाई होत्या तेव्हाही तेच, आणि गौरी-गणपतीत त्या गेल्या तरी तेच. रडले तेसुद्धा न्हाणीत, नळ सोडून. काय म्हणावं अशा माणसाला!

मुलगा शंतनु पुण्याला. त्यानं मागच्या वर्षी घराला कॅमेरे बसवले आणि त्यांचं चित्रण साठवायला टीव्हीखाली एक रेकॉर्डर ठेवला. प्रभावतीबाईंचा समज असा, की कॅमेऱ्याशी बोललं की पोराला ऐकू जातं. सकाळी सडा टाकून झाला की त्या वर तोंड करून विचारायच्या, "चहा घेतलास का रे?" माधवराव खेकसायचे, "अगं, त्यात आवाज जात नाही!" पण बाई कुठल्या ऐकतात.

त्या गेल्यावर माधवरावांना रेकॉर्डर आठवला. जुन्या चित्रणावर नवं चढतं आणि जुनं पुसलं जातं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून त्यांनी कॅमेऱ्यांच्या वायरीच उपसून काढल्या. मग रोज चहाचा कप घेऊन टीव्हीपुढं बसायचे. पडद्यावर बाई सडा टाकायच्या, पदर खोचायच्या, वर बघून काहीतरी बोलायच्या. घरात फोटो होते. पण फोटोतली बाई हलत नाही हो.

दसऱ्याला घरातल्या यंत्रांची पूजा प्रभावतीबाई करत. यंदा माधवरावांनी केली, आणि सगळ्यात जास्त माया रेकॉर्डरवर. हळदकुंकू वाहिलं, झेंडू ठेवला, वर फुलानं पाणी शिंपडलं. त्याच संध्याकाळी रेकॉर्डर टीं-टीं करायला लागला आणि पडदा काळा. वायर बदलून पाहिली, दुसऱ्या बोर्डात लावून पाहिला, चार थापट्याही मारल्या. छे!

दुसऱ्या दिवशी डबा कापडात बांधून ते सेलूला, जिथून तो घेतला होता त्या परमेश्वरच्या दुकानात गेले. तिथं नेमके दिनकरराव बसलेले, शाळेतले जुने सोबती, भलतेच तोंडाळ. परमेश्वरनं झाकण काढलं.

"काका, आतमधी कुंकू कसं काय?"

सगळं दुकान हसलं. दिनकरराव म्हणाले, "आरती बी म्हणली का रे माधव?"

माधवरावांचे कान लाल झाले. परमेश्वर मात्र भला. म्हणाला, "आतला सर्किट बोर्ड गेलाय. गॅरंटी हाय, बदलून देतो, कंपनीचं मी बघतो. डिस्क चांगली हाय. आतलं काई ठेवायचं आसंल तर आत्ताच काढून घेतो. एकदा कंपनीत गेलं की पुसून टाकतेत."

बोला की हो! नुसतं तोंड उघडायचं होतं. पण दिनकरराव बघत होते, गिऱ्हाइकं बघत होती. आणि आमचे माधवराव म्हणाले, "नाही. काही नाही त्यात."

मनात होतं, हे सगळे गेले की हळूच सांगू. पण दिनकरराव उठले ते यांनाच घेऊन. "चल, मी वालूरलाच चाललोय, गाडीवर सोडतो." नवा डबा मांडीवर घेऊन माधवराव मागं बसले. रस्ताभर गाडी थांबव म्हणावंसं वाटत राहिलं, पण म्हणवलं नाही. मधे रविवार आला, दुकान बंद. तो दिवस त्यांनी कसा काढला ते त्यांनाच माहीत.

सोमवारी दुकान उघडायच्या आधी ते पायरीवर हजर. परमेश्वर आला आणि चपापला. "काका, कंपनीचा माणूस तर त्याच दिवशी येऊन घेऊन गेला." त्यानं कंपनीला फोन लावला, बराच वेळ बोलला, हात जोडल्यासारखं बोलला. फोन ठेवून मान हलवली. तोवर दुकानात गिऱ्हाइकं जमली होती.

"पुसून झालं म्हणायलेत, काका. पण तुमीच न्हाई म्हणलाव की. काय होतं त्यात?"

"माझी बायको होती," माधवराव म्हणाले, इतक्या मोठ्यानं की रस्त्यावरची माणसं थांबली. "बायको होती माझी त्यात."