एकट्यानं उडवलेलं विमान

विमान उडवायला शिकणार असं मी घरात जाहीर केलं तेव्हा बायको मेथी निवडत होती. मान वर न करता तिनं विचारलं, "आत बसून का?"

"नाही. जमिनीवर उभं राहून. रिमोटनं."

"मग ठीक आहे," असं म्हणून ती मेथी निवडत राहिली.

मला राग आला. मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. अठ्ठावीस वर्षं माध्यमिक शाळेत भूमिती शिकवल्यावर आपलंच बरोबर असतं अशी माणसाची खात्री होऊन बसते, आणि घरात त्या खात्रीला कुणी विचारत नाही.

विमान मिळालं छावणीच्या बाजारात. तिथं मिक्सर, पंखे, जुने रेडिओ दुरुस्त करणारे एक उस्ताद आहेत. मी त्यांच्याकडं मिक्सर घेऊन गेलो होतो. आतल्या खोलीत सहज डोकावलो तर छताला दहा-बारा विमानं टांगलेली. मिक्सर दुकानात राहिला आणि विमान घरी आलं. पांढऱ्या फोमचं, पाव किलोच्या आतलं, पुढं एक पंखा, पोटात बॅटरी. उस्तादांनी शहराबाहेरच्या माळावर तीन रविवार मला शिकवलं. त्यांच्या हातात एक रिमोट, माझ्या हातात एक, आणि दोन्हींच्या मधे वायर. माझं चुकलं की ते त्यांच्या रिमोटवरून विमान सावरून घ्यायचे. त्यांना इतक्यांदा सावरावं लागलं की त्या तीन रविवारांत विमान नेमकं उडवलं कुणी, हे मला आजही सांगता येणार नाही.

चौथ्या रविवारी त्यांनी वायर काढून खिशात घातली.

"देखो सर, अब अकेले उडाव," ते म्हणाले. "एक चक्कर मारना, जहाँ से उडाए वहीच उतारना, और व्हिडिओ भेजना. तब तक दुकान पे आना नक्को. और एक बात याद रखो. विमान अपने तरफ आने लगा तो डावा-उजवा पलट जाता."

"अहो, मी भूमिती शिकवतो."

"उसीच के वास्ते बोलरा मैं."

विमान पुढं जात असतं तेव्हा त्याचा डावा पंख आपल्या डावीकडं असतो. ते वळून आपल्याकडं यायला लागलं की तोच डावा पंख आपल्या उजवीकडं येतो. कागदावर हे मी सातवीच्या पोरालाही दोन मिनिटांत समजावून देईन. हातात रिमोट असताना मात्र मला ते आठवायला चार सेकंद लागायचे, आणि विमानाला पडायला तीन पुरायचे.

उस्तादांच्या माळावर रविवारी त्यांचे नवे शिष्य असायचे, आणि शहरात एकट्यानं उडवायला जागा नाही. एका अंगाला विमानतळ, दुसऱ्या अंगाला छावणी. छावणीचं मोठं मैदान माझ्या डोळ्यांसमोर होतं, पण बायको म्हणाली, "लष्करवाले विमान ठेवून घेतील आणि तुम्हाला मात्र परत पाठवतील." त्यामुळं राहिलं गाव. कन्नडच्या पुढं माझ्या वाटणीचं चार एकर रान आहे. बटाईनं दिलेलं असतं आणि मका निघाला की मोकळं पडतं. सपाट, ऐसपैस, कडेला विजेचा एक खांब सोडला तर काही आड येत नाही. अडचण एकच होती. बांधाच्या पलीकडं माझ्या चुलतभावाचं रान, आणि त्याचं नि माझं बोलणं आठ वर्षं बंद.

तो माझ्यापेक्षा दोन महिन्यांनी मोठा. एका ताटात जेवलो, एका बाकावर बसलो, एकाच मास्तरांचा मार खाल्ला. मग त्याच्या मुलीचं लग्न निघालं आणि पत्रिका घरी आली. निमंत्रकांमध्ये सगळी भावकी छापलेली. पुण्याला गेलेले, नाशिकला गेलेले, आणि वारून वर्ष होत आलेले एक काकासुद्धा. नव्हतं फक्त माझं नाव. मी चष्मा पुसून तीनदा वाचलं. मग फोन केला. तो म्हणाला, "आरं, घाईत राहिलं. छापखान्यात राहिलं."

लग्नाला गेलो मी. अक्षता टाकल्या. पंगत बसली, गरम जिलेबीचा वास मांडवभर सुटला, आणि मी पाणीसुद्धा न पिता उठलो. घरी येऊन बायकोला पिठलं करायला लावलं. तेव्हापासून मी ठरवलं होतं की तो बोलल्याशिवाय आपण तोंड उघडायचं नाही. त्यानंही तेच ठरवलं असावं, कारण आठ वर्षांत दोघंही बांधावर समोरासमोर आलो की ढगांकडं बघायचो.

म्हणजे आता विमान माझ्या रानातून उडवून माझ्याच रानात उतरवणं फार गरजेचं होतं. ते पलीकडं पडलं तर मागायला जावं लागणार, मागायचं म्हणजे बोलावं लागणार, आणि ते माझ्याच्यानं होणार नव्हतं.

गावाकडच्या पहिल्या रविवारी भल्या सकाळी निघालो. क्रांती चौकातून रिक्षानं स्टँडवर आलो, तेव्हा पंख रिक्षाच्या बाहेर आले होते आणि मागचे मोटारसायकलवाले शिव्या घालत होते. एसटीत विमान मांडीवर घेऊन बसलो. कंडक्टर आला.

"हे काय हाय?"

"विमान."

"विमान हाय तं मंग यष्टीनं कामून चालले?"

सगळी बस हसली. मी कन्नड येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

त्या दिवशी विमान मस्त उडालं. सरळ उडालं आणि सरळच जात राहिलं. बांध ओलांडून चुलतभावाच्या उसात शिरलं. थोडा वेळ पंख्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला. चुलतभाऊ बोअरपाशी पाइप जोडत होता. त्यानं उसाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा पाइपकडं वळला. मी रिमोट पिशवीत घातला आणि घरी आलो.

पुढच्या रविवारी गेलो तर विमान बांधावर ठेवलेलं, वाऱ्यानं उडू नये म्हणून वर दगड. तो पाठ करून उभा. मी विमान उचललं, उडवलं, आणि ते त्याच्या गोठ्यात गेलं. तिसऱ्या रविवारी ते पुन्हा बांधावर होतं. शेपटीचा एक कोपरा म्हशीनं चाखून पाहिलेला. मी तसंच उडवलं, पुन्हा ऊस.

चौथ्या रविवारी विमानाच्या नाकाला लिंबू-मिरची बांधलेली होती.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. समोर तो कडुलिंबाच्या झाडाखाली बाजेवर बसून शेंगा फोडत होता, आणि चेहरा असा की लिंबू-मिरची कशाशी खातात हे त्याला ठाऊकच नाही. मी ती तोडली, त्याला दिसेल अशी भिरकावली, चाखलेल्या शेपटीला जाड चिकटपट्टी लावली आणि विमान सोडलं. विमानानं नाक वर केलं, हवेत क्षणभर थांबलं आणि धपकन माझ्या पायाशी येऊन पडलं. पुन्हा सोडलं, पुन्हा तेच. मग मी इकडंतिकडं पाहिलं, ढेकळांत जाऊन लिंबू-मिरची शोधली आणि गुपचूप परत बांधली. तो बघत होता. अख्खं आयुष्य मुलांना अंधश्रद्धेविरुद्ध भाषणं दिलेला मी भर रानात विमानाला लिंबू बांधत होतो, आणि विमान नीट उडालं. त्या दिवशी पहिल्यांदा ते माझ्याच रानात पडलं. पडलं तोंडावर, पण माझ्या रानात.

उस्तादांना फोन केला. ते म्हणाले, "पट्टी से शेपटी भारी हो गई ना सर, लिंबू से नाक पे वजन आ गया. रहने दो. बस लिंबू बदलते रहना."

मग आला तो रविवार. वारा अजिबात नव्हता. मी मोबाइल दगडाला टेकवून चित्रीकरण चालू केलं, नवं लिंबू बांधलं आणि विमान सोडलं. ते वर गेलं, बांध ओलांडला, उसावरून झोकात वळलं आणि माझ्याकडं यायला लागलं. एक चक्कर पुरी होत आली होती. तेवढ्यात ते खांबाकडं सरकायला लागलं. खांब माझ्या डावीकडं. मी उजवी कळ दाबली. ते आणखी खांबाकडं गेलं. मी आणखी उजवी दाबली. भूमिती, अठ्ठावीस वर्षं, सगळं डोक्यातून पार निघून गेलं. फक्त खांब दिसत होता.

"डावीकडं!"

पलीकडून आवाज आला. चुलतभाऊ उसाच्या कडेला उभा होता, विमानाच्या मागं. त्याला विमान पाठमोरं दिसत होतं, त्यामुळं त्याचं डावं आणि विमानाचं डावं एकच होतं.

"आरं डावीकडं मार! डावीकडं! आता सरळ! सरळ रं! आता हळूच खाली घे!"

तो म्हणेल तसं मी दाबत गेलो. विमान खांबाच्या हातभर अंतरावरून सुटलं, खाली आलं आणि माझ्या रानात पोटावर घसरत जाऊन थांबलं. लिंबूसुद्धा जागेवर होतं.

आठ वर्षांनी तो बोलला होता. आता माझी पाळी होती. मला गलबलून आलं होतं, खरंच आलं होतं, पण तोंडातून निघालं, "माहीत आहे मला!"

"व्हय, दिसलं की," तो म्हणाला आणि बोअरकडं निघून गेला.

परतीच्या जीपमध्ये बसून मी व्हिडिओ पाहिला. त्यात विमान कमी आणि त्याचा आवाजच जास्त होता. मी व्हिडिओचा आवाज काढून टाकला. मग भावकीच्या ग्रुपवर तो टाकला आणि खाली लिहिलं, "आज प्रथमच स्वतः एकट्यानं विमान उडवून सुखरूप उतरवलं." उस्तादांनाही तोच पाठवला. कन्नड येईपर्यंत पुण्याचे, नाशिकचे, सगळ्यांचे अंगठे आणि फुलं येऊन पडली. एकानं तर "आपल्या कुळातले पहिले वैमानिक" असं लिहिलं. मी खूश होतो.

संध्याकाळी फोन वाजला. चुलतभाऊ.

"व्हिडिओ पाह्यला," तो म्हणाला. "माझं नाव नाय त्यात."

मी काही विचार न करता म्हणालो, "अरे, घाईत राहिलं."

 मग तो म्हणाला, "कोन्त्या छापखान्यात राहिलं रं?"

 समोर बायको पाट्यावर चटणी वाटत होती, कारण मिक्सर अजून उस्तादांच्या दुकानातच होता. तिच्यासमोर खोटं बोलता आलं असतं, बोलत आलोच आहे. पण त्याच्याशी खोटं बोललो नाही.

"घाईत नाही राहिलं," मी म्हणालो. "आवाज मीच काढला. मुद्दाम."

 पलीकडं म्हैस रेकली.

"नाव बी मीच कापलं व्हतं," तो म्हणाला. "छापखान्यानं बरुबर छापलं व्हतं. तू साखरपुड्याला आला नाय. दहावीचे पेपर तपासायचेत म्हनला. म्या म्हनलं, तपास मंग पेपर."

आठ वर्षं आम्ही दोघांनी मिळून त्या बिचाऱ्या छापखान्याला दोष दिला होता. आधी तो हसला की मी, यावर आमचं एकमत नाही. बायको वरवंटा तसाच धरून माझ्याकडं बघत राहिली.

मी आवाजासकट व्हिडिओ ग्रुपवर पुन्हा टाकला, त्याच्या नावासकट. उस्तादांनाही पाठवला. त्यांचा लगेच फोन आला.

"ये कौन चिल्लारा सर?"

"भाऊ आहे माझा."

"फिर अकेले किदर उडाए? दुकान पे आना नक्को."

पुढच्या रविवारी चुलतभाऊ बांध ओलांडून आला आणि माझ्या हातातला रिमोट काढून घेत म्हणाला, "आन इकडं. सोपं दिसतंय." मग मला पलीकडं जाणं भागच होतं, कारण विमान परतताना नीट दिसतं ते तिथूनच. मी त्याच्या उसाच्या कडेला जाऊन उभा राहिलो. त्याच्या रानातल्या घरातून वहिनी बाहेर आल्या. हातात ताटली, ताटलीत आठवडी बाजारातली जिलेबी.

"घ्या भावजी," त्या म्हणाल्या. "लग्नातली तुमची राहिली व्हती."

मी घेतली. अख्खी तोंडात घातली. तेवढ्यात विमान माझ्या डोक्यावरून त्याच्याकडं निघालं आणि खांबाकडं सरकायला लागलं.

"डावीकडं!" मी भरल्या तोंडानं ओरडलो. "अरे डावीकडं!"

"माहीत हाय मला!" तो तिकडून ओरडला आणि त्यानं उजवी दाबली.

विमान खांबाला घासून गर्रकन फिरलं आणि उसात गेलं. शोधायला दोघं गेलो.