बेटावरची उचल

माझं ऱ्हस्व-दीर्घ चुकतं आणि अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. चौथीनंतर हातात पेन्सिल फारशी आलीच नाही. कुणी वाचलंच, तर सांभाळून घ्यावं.

आमचे हे फुटबॉल खेळतात. परदेशात खेळतात म्हटलं की लोकांना वाटतं, टीव्हीवर दिसत असतील. तसं काही नाही. एक वर्ष नेपाळ, दीड वर्ष भूतान. क्लब बदलला की नवी जर्सी, जुनी मी फरशी पुसायला घेते.

यांचं घर मोशीतलं जुनं, शेतीवाल्यांचं. माझे आईवडील बीडकडचे, ऊसतोडीचे. पुढे वडील चाकणला एका कंपनीच्या मैदानावर वॉचमन झाले. मी त्यांना डबा न्यायचे, तिथं हे खेळायचे. लग्न आमच्या दोघांच्या मर्जीनं झालं, म्हणून सासरी मी अजून दारातच उभी असल्यासारखी असते.

तीन वर्षांपूर्वी एक एजंट घरी आला. समुद्रातल्या एका बेटावरचा क्लब, दोन सीझनचा करार, आणि चार लाख आधीच हातात. सासरे म्हणाले, "म्हंजे विसारच की."

"तसंच समजा काका," एजंट हसत म्हणाला.

सासऱ्यांचं आयुष्य जमिनीच्या व्यवहारात गेलं. समोरचा फिरला तरी विसार आपला, हे त्यांना पाठ. त्याच महिन्यात त्यांनी वरच्या मजल्याचा स्लॅब टाकला.

हे बोलणं चाललं तेव्हा मी आत पुऱ्या तळत होते. मला कळलं होतं की हा विसार नाही, ही उचल आहे. ऊसतोडीला मुकादम आधी पैसे देतो, ती उचल. फिटेपर्यंत माणूस त्याचा. आई तापानं पडलेली असताना वडिलांना कोयता घेऊन निघावं लागलं होतं. माझी शाळा त्यातच सुटली. बाहेर जाऊन एवढं एक वाक्य बोलायचं होतं. पुरुषमाणसं बसली होती. मी पुऱ्या तळत राहिले.

चौथ्या महिन्यात यांचा गुडघा गेला. खेळ बंद, म्हणून पगार बंद. पासपोर्ट क्लबच्या कपाटात, आणि दुसऱ्या क्लबात जायला जे पत्र लागतं ते घेतलेले चार लाख परत केल्याशिवाय मिळणार नाही. व्हिडिओ कॉलवर हे कायम बसलेले आणि मागे तीच भिंत. मी म्हटलं, "जरा उठून समुद्र दाखवा ना."

"बाहेर नेटवर्क जातं गं."

नंतर कळलं, जेवणापुरत्या पैशावर मैदानाच्या पांढऱ्या रेघा मारत होते.

सासरे म्हणाले, "एक रुपया द्यायचा न्हाई. विसार कुणी परत देतं व्हय?" सासूबाई म्हणाल्या, "त्यो तिकडं समुद्राची हवा खातोय. तुझं काय अडलंय?"

मी चाकणच्या एका कंपनीत वायरिंगच्या लाइनवर लागले. आठ तास उभं राहून वायरी जोडायच्या, वर ओव्हरटाइम. उचल फेडायला पगार पुरत नव्हता. वरच्या नव्या खोल्यांत मी आणि आमची लहान मुलगी राहत होतो. खोल्या यांच्या उचलीतून उभ्या राहिल्या आणि हे तिथं अडकले, हे रोज झाडू मारताना डोक्यात यायचं. शेवटी एकदा सकाळच्या चहाला सासऱ्यांना म्हटलं, "मामा, वरच्या खोल्या भाड्यानं देऊ. आम्ही दोघी जिन्याखाली झोपू."

"भाडं कशाला?" त्यांनी मान वर केली नाही.

"यांना सोडवायला."

सासूबाई म्हणाल्या, "आगं बया, हिला तोंड हाय की."

सासरे हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. खडूनं पाटी मीच लिहिली. कंपनीतली चार पोरं राहायला आली. दर महिन्याला बँकेतला माणूस क्लबला पैसे पाठवायचा फॉर्म भरून द्यायचा, मी सही करायचे.

साठ हजार फेडायचे राहिले, तेव्हा यांचा फोन आला. "गुडघा बराय आता. क्लब म्हणतो, अजून एक सीझन सही कर, उरलेले माफ. करून टाकू का?" त्यांचा आवाज थकलेला होता.

"नका करू," मी म्हणाले. "माझे वडीलसुद्धा दरसाल हेच म्हणायचे, एवढा एकच हंगाम."

ते म्हणाले, "बरं."

आणखी तीन महिने गेले. या पाच तारखेला शेवटचे वीस हजार भरले. क्लबचा कागद मोबाइलवर आला. बँकेतल्या माणसानं तो वाचून सांगितला, चार लाख पूर्ण फिटले, आता पासपोर्ट आणि ते पत्र यांना मिळणार.