दिवे लागल्यावर, वैनींकडे

वैनी फोन कधी कानाला लावत नसत. तीर्थ घ्यावं तसा तो तळहातावर आडवा धरायच्या आणि वाकून त्यात बोलायच्या. बटण दाबायचं असेल तर बोटाने नाही, वाकवलेल्या बोटाच्या पेराने, दार ठोठावल्यासारखं. कारण सरळ होतं. त्यांच्या हाताला बहुधा मासळीचा वास असायचा. चाळ पुनर्बांधणीला गेल्यावर त्या शीव कोळीवाड्यात भाड्याने राहायला गेल्या, आणि कोळीवाड्यात राहून मासे घ्यायला मात्र जुन्या चाळीजवळ, परळला यायच्या. "थंयची मासेवाली माका वळखणा नाय," म्हणायच्या. ओळख नसलेल्या बाईकडून मासे घेणं त्यांना अधर्म वाटे.

चाळीतले सगळेच त्यांना वैनी म्हणत. त्यांचे दीर म्हणत, दिरांची नातवंडंही म्हणत. यजमान केव्हाच गेलेले, मूलबाळ नाही, पण दीड दिवसाचा गणपती त्यांनी कधी सोडला नाही. जिन्याच्या तोंडाशीच त्यांची खोली, त्यामुळे चतुर्थीला आरतीची मंडळी टाळ घेऊन निघाली की पहिलं दार त्यांचं. मग पुढची दारं.

चाळ पांगली तशी ती मंडळीही पांगली. कोणी वरळीला, कोणी आमच्यासारखे लालबागला. ग्रुपवर विचारलं, की यंदा कोणाकडे किती वाजता, तर पन्नास नमस्कार यायचे आणि वेळ एकाची नाही. त्या वर्षी वैनी मासळीची पिशवी घेऊन आमच्याकडे आल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, "बाबू, औंदा कोण येतलो रे कोळीवाड्यात? माजो गणपती मुको रवतलो."

नुकताच मी नोकरीतून मोकळा झालो होतो आणि मोबाईल ॲप घरबसल्या कसं बनवावं याचे धडे बघत होतो. मी म्हणालो, "वैनी, काळजी सोडा. मी ॲप करतो. प्रत्येकाने आपलं घर आणि वेळ टाकायची. कोणाकडे कधी जायचं, ते सगळ्यांच्या फोनवर."

आमची सुषमा आतून म्हणाली, "वैनी, ह्यांनी पंखा दुरुस्त केला तेव्हापासून तो उलटा फिरतोय. एवढं लक्षात असू द्या."

ॲप तयार झालं. माझ्या फोनवर देखणं चालायचं. वैनींच्या फोनवर चढवलं तर 'नोंद करा' हे बटणच दिसेना. त्यांनी अक्षरं एवढी मोठी करून ठेवली होती, की बटण पडद्याखाली घसरून कुठेतरी पाताळात गेलं होतं.

"माझ्या फोनवर चालतंय की," मी म्हणालो.

"मगे गणपती तुज्याच फोनात बसव," वैनी म्हणाल्या.

बटण वर आणलं. मग वेळेच्या चौकटीत त्यांनी पेराने टकटक करत लिहिलं, 'दिवे लागल्यावर'. ॲप जागीच बंद पडलं.

"वैनी, तिथे आकडा टाकायचा. साडेसहा, सात, असा."

"दिवे लागले काय आरती. आकडो कसलो?"

मी त्यांना घड्याळ समजावलं, त्यांनी मला संध्याकाळ समजावली. दोघांनाही काही कळलं नाही. शेवटी मी त्या चौकटीत अक्षरंही चालतील अशी सोय केली. ती कशी झाली ते मला आजही नीट सांगता यायचं नाही.

चतुर्थी तोंडावर आली आणि खरा घोळ तेव्हा झाला. वैनींनी आपलं घर टाकलं, ते दिसलं. मी माझं टाकलं, तर त्यांचं गायब. त्यांनी पुन्हा टाकलं, माझं गायब. वरळीच्या सावंतांनी टाकलं, आम्ही दोघेही गायब. मी पुन्हा पुन्हा तेच करून बघत होतो, म्हणजे दर वेळी काही वेगळं होईल अशा आशेने.

"वैनी, तुम्ही बटण दाबतच नाही नीट. पेराने दाबता ना, म्हणून."

"दाबलंय मेल्या."

"मग जातं कुठे?"

त्यांनी पिशवी उचलली. सुषमाने चहा टाकला होता, तो नको म्हणाल्या. असं कधी झालं नव्हतं. दाराशी चपला घालताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "चाळीत खाली उभा रवान सावंत म्हणान हाक मारल्यार किती जणां वाकान बघीत? खंयचो सावंत, ता तुजो फोन इचारणाच नाय."

मी ॲप पुन्हा उघडून बघितलं. आमची अर्धी चाळ एकाच गावची, त्यामुळे अर्धी चाळ सावंत, वैनीही आणि मीही. आणि मी शहाण्याने घराची ओळख म्हणून नुसतं आडनाव ठेवलं होतं. प्रत्येक नवा सावंत आधीच्या सावंताला उठवून त्याच्या पाटावर बसत होता.

मग मी चाळीतली ओळख विचारणारी चौकट टाकली. टाकीजवळचे आले, चष्मेवाले आले, दूधवाले आले, सगळे आपापल्या पाटावर. वैनींनी लिहिलं, 'वैनी'. पुढे काहीच नाही. लागलंही नाही.

चतुर्थीला मंडळी कोळीवाड्यात गेली. एवढीशी खोली, चपला जिन्यावर खालपर्यंत. टाळ वाजायला लागले तशी शेजारच्या कोळणीची माणसं दारात येऊन टाळ्या वाजवायला लागली. वैनी आरतीचं ताट धरून उभ्या होत्या. संपल्यावर माझ्या हातावर मोदक ठेवत म्हणाल्या, "उशीर केलास. दिवे कवाच लागले."

त्यानंतर दोन चतुर्थ्या त्यांना मिळाल्या. तिसऱ्या वर्षी वैशाखात त्या गेल्या, फार कोणाला त्रास न देता. चतुर्थीच्या सकाळी मात्र ॲपने दरवर्षीसारखी आठवण पाठवली आणि सगळ्यांचे फोन वाजले. 'आरती. वैनींकडे. दिवे लागल्यावर.' वरळीहून चष्मेवाल्यांचा फोन आला. "बाबू, काढ रे ते. बघवत नाही."

काढायचं कसं, हे मला ठाऊक नव्हतं. घर टाकायचं बटण मी केलं होतं, काढायचं केलंच नव्हतं. धड्यात ते बहुतेक पुढे होतं. दिवसभर झटापट केली, जमलं नाही. संध्याकाळी दिवे लागले तशी मंडळी न ठरवता आमच्याकडे आली, आणि पहिली आरती वैनींची म्हणून झाली. तेव्हापासून तशीच होते.

परवा सुषमाने विचारलं, "अहो, ते काढायचं बटण एवढं अवघड असतं?"

नसतं. मागच्याच वर्षी शिकलो, चार ओळींचं काम आहे. पण मी तिला सांगितलं, मला काही ते अजून कळलेलं नाही. तिने लगेच विश्वास ठेवला.