समुद्रकाठच्या मेंढ्या

आमच्या शहराला समुद्र नाही, म्हणून पुंडलिकनगरातल्या आमच्या कॉलनीनं कंपाउंडच्या भिंतीवर समुद्रकिनारा रंगवायचं ठरवलं. मी शहागंजात दुकानांच्या पाट्या रंगवायचो, तेव्हा काम आपसूक माझ्या गळ्यात पडलं. समुद्र मीही पाहिला नव्हता. कॅलेंडर समोर ठेवून लाटा काढल्या, आणि खालची वाळूची पट्टी ज्याला हौस असेल त्याच्यासाठी मोकळी सोडली. पोरांनी होड्या काढल्या, बायकांनी शंख.

वडील कळप विकून नुकतेच माझ्याकडे राहायला आले होते. सगळा जन्म मेंढरांमागं गेलेला. शहरात त्यांना करण्यासारखं काही नव्हतं, आणि त्यांच्याशी काय बोलावं हे मला सुचत नसे. दिवसभर ओट्यावर बसून ते भिंत बघायचे, म्हणून मी सहज ब्रश पुढं केला. त्यांनी लाटांच्या कडेनं मेंढ्या काढल्या. सगळ्या पाठमोऱ्या, माना खाली घालून पाणी पिणाऱ्या, आणि प्रत्येकीच्या पाठीवर आमच्या कळपाची गेरूची खूण. येणारेजाणारे हसले.

"मागनं चालणाऱ्याला मेंढी अशीच दिसती," ते म्हणाले.

समुद्राचं पाणी खारट असतं हे मला माहीत होतं, पण ते इतके रमले होते की मी गप्प बसलो. आल्यापासून पहिल्यांदाच त्या दिवशी ते पोटभर जेवले.

दोन दिवसांनी, उद्घाटनाच्या आदल्या संध्याकाळी, कॉलनीचे सेक्रेटरी आले. खारं पाणी मेंढ्या पितात होय, पाहुणे हसतील, तेवढ्या पुसून टाका, म्हणाले. वडील देवळात भजनाला गेले होते. त्यांना विचारायला हवं होतं. मी मान डोलावली, वाळूचा आणि पाण्याचा रंग कालवला आणि अर्ध्या तासात अख्खा कळप नाहीसा केला. लाज मात्र वाटली.

सकाळी ते भिंतीपुढं जाऊन उभे राहिले. मी जवळ जाऊन म्हणालो, "सेक्रेटरी म्हणाले पुसा. समुद्राचं पाणी खारट असतं."

ते माझ्याकडं वळले. चेहरा उतरला होता.

"तुला ठावं व्हतं?"

"हो."

"मग आधी नाय का सांगायचं? दोन दिस पीत व्हती मेंढरं."